प्रमोदिनीकाकू धार ओलांडतात

दुर्गाघाटच्या गल्लीत प्रमोदिनीकाकूंचा अभिमान नाही असं मराठी घर शोधून सापडायचं नाही. फक्त त्या अभिमानाचे दोन तट आहेत. एका तटाला काकूंनी इतकी वर्षं नेम पाळला याचा अभिमान, दुसऱ्याला त्यांनी तो भर दुपारी, सगळ्या घाटासमोर मोडला याचा. दोन्ही तटांची माणसं एकाच ओट्यावर बसून चहा पितात आणि एकमेकांना अक्कल शिकवतात. काकू या भांडणात पडत नाहीत. कुणी फारच छेडलं तर म्हणतात, "चहा प्या आधी, निवला."

नेम कसला, ते सांगायला हवं. म्हातारं कसं व्हावं याची एक रीत काशीत जुन्या लोकांनी शेकडो वर्षांपासून घालून ठेवली आहे. तिला क्षेत्रसंन्यास म्हणतात. संसार आटोपला, केस पिकले, की गंगेत उभं राहून संकल्प सोडायचा की यापुढे काशीची हद्द ओलांडणार नाही. उत्तरेला वरुणा, दक्षिणेला असी आणि पूर्वेला गंगेची मधली धार. या हद्दीत मरण आलं की सुटका, पुन्हा जन्म नाही. भगवे कपडे नकोत, घरदार सोडायला नको. पाय तेवढे आवरायचे.

काकूंना हा संकल्प विश्वेश्वरशास्त्र्यांनी दिला. शास्त्रीबुवा गल्लीतले सगळ्यात वयोवृद्ध वैदिक, आणि बोलायला फटकळ. पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर त्यांनी काकूंना सांगितलं होतं, "वहिनी, माणूस तरुणपणी पसरतो. म्हातारपणी त्यानं आपणहून आवरायला घ्यावं. नाहीतर मरण येऊन ओढून काढतं, आणि ते ओढणं फार वाईट दिसतं. आधी घरातला अधिकार सोडायचा, मग सल्ला देणं, मग रुसवेफुगवे. पाय सगळ्यात शेवटी."

काकू जन्मभर मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होत्या. नकाशावर छडी ठेवून त्यांनी बनारसच्या मुलींना सगळं जग फिरवून आणलं, आणि निवृत्त झाल्यावर, यजमान गेल्यावर, स्वतःसाठी एवढीशी जागा मागून घेतली. किल्ल्या त्यांनी सुनेच्या, देवश्रीच्या, हातात दिल्या त्या दिल्याच. सल्ला सोडायला मात्र वेळ लागला. देवश्रीला विचाराल तर तो अजून पुरता सुटलेला नाही, विशेषतः आमटीत गूळ घालायची वेळ आली की.

पण पाय? पायांच्या बाबतीत काकू अशा कडक की बोलायची सोय नाही. नागपूरला भाच्याचं लग्न झालं, गेल्या नाहीत. तिथंच सख्खा भाऊ गेला, तेव्हा घाटावर अंघोळ करून दक्षिणेकडे तोंड करून रडल्या, पण गेल्या नाहीत. नातवाला विद्यापीठात पदवी मिळाली तेव्हा तर कमाल झाली. विद्यापीठ म्हणजे असीच्या पलीकडे, अगदी हाकेच्या अंतरावर. काकू पैठणी नेसून निघाल्या आणि असीच्या अलीकडे चहाच्या दुकानातल्या बाकावर जाऊन बसल्या. समारंभ झाल्यावर नातू पदवीचा झगा सांभाळत, टोपी काखेत मारून, अलीकडे नमस्काराला आला. दुकानदारानं त्या दिवशी काकूंच्या चहाचे पैसे घेतले नाहीत. ही गोष्ट गल्लीत इतक्या वेळा सांगितली गेली की ती पैठणी आता कुणाच्या तोंडी हिरवी असते, कुणाच्या तोंडी जांभळी.

पुण्या-नाशकाकडची मंडळी दर्शनाला आली की गल्लीवाले त्यांना आधी देवळातली मंगला गौरी दाखवत आणि मग काकू दाखवत. "या आमच्या क्षेत्रस्थ." मंडळी पाया पडत. काकू "असू दे, असू दे" म्हणत आणि पाय किंचित पुढे करत. त्यांना ते आवडायचं. का आवडू नये? एवढं कडक राहायचं आणि कुणी बघायचंही नाही, हे देवालाही जमत नाही, तोही देवळात बसतोच.

हवेसाठी त्या कधीमधी लल्लन मल्लाहच्या नावेत बसत. लल्लन नाव मधल्या धारेपर्यंत नेई आणि तिथं इंजिन बंद करून वळवी. उन्हाळ्यात पाणी आटलं की धार नेमकी कुठून धरायची यावर दोघांचा वाद होई, आणि काकू नेहमी दोन हात अलीकडचीच धार मान्य करत. उगाच धोका कशाला!

या सगळ्या नेमाधर्माची गल्लीत एकच व्यक्ती टिंगल करत असे, ती म्हणजे वीणा. काकूंची बालमैत्रीण. दोघी मंगला गौरीच्या पायऱ्यांवर सागरगोटे खेळत वाढल्या, लग्न होऊन याच गल्लीत राहिल्या, आणि आयुष्यभर एकमेकींशी भांडल्या. वीणाताई गाण्याच्या शिकवण्या करत. आवाज गोड, जीभ तिखट. "देवाला हद्दीची पडलेली असते होय गं पमे? तो काय पटवारी आहे?" असं त्या चारचौघांत विचारत. काकू आठवडाभर बोलत नसत. मग आठव्या दिवशी वाटीभर साखरआंबा पाठवला जाई, आणि गाडी रुळावर येई.

मग वीणाताईंच्या मुलानं, निमिषनं, रामनगरात घर बांधलं. घर चांगलं, सगळं तळमजल्यावर, न्हाणीघरात धरायला दांडे. दुर्गाघाटच्या पायऱ्यांनी वीणाताईंचे गुडघे पार कामातून गेले होते, त्यामुळे नाही म्हणायला जागा नव्हती. पण रामनगर म्हणजे गंगेच्या पलीकडचा काठ. आणि बनारसमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत असतं की रामनगरात जो मरतो तो पुढच्या जन्मी गाढव होतो. सगळे हसत हसतच सांगतात हे. आणि हसत हसतच, कुणाचं दुखणं वाढलं की त्याला नावेत घालून अलीकडे आणतात.

वीणाताई जाताना म्हणाल्या, "वेळ आली की आणा मला इकडे." सगळ्यांनी माना डोलावल्या. अशी चूक काशीतलाच माणूस करू जाणे. मरण आधी निरोप धाडेल, मग दारात उभं राहील आणि नाव सुटेपर्यंत थांबेल, असं इथं सगळे धरून चालतात.

तिकडे गेल्यावर त्या रोज फोन करत आणि "हॅलो"च्या जागी गाढवासारख्या ओरडत. काकू फोन कानापासून लांब धरत. "लाज वाटत नाही का गं या वयात?" म्हणत. दुसऱ्या दिवशी फोन यायला उशीर झाला की मात्र दर घटकेला घड्याळाकडे बघत.

माघात वीणाताई पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, अंथरूण धरलं, मग छातीत पाणी झालं. निमिषनं घरीच प्राणवायूचं यंत्र आणून लावलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता हलवायचं नाही, नावेत नाही आणि गाडीतही नाही. निरोप न पाठवता येणारं मरण ते हेच.

त्यानंतर वीणाताईंचं फोनवरचं ओरडणं थांबलं. एके सकाळी त्यांनी फोन केला आणि दम घेत, अगदी बारीक आवाजात विचारलं, "पमे, खरंच असतं का गं ते?"

"काय?"

"गाढवाचं."

काकूंनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला. जन्मभर ज्या बाईनं देवाला पटवारी म्हटलं, ती घाबरली होती. भलती घाबरली होती.

काकूंनी फोन ठेवला आणि मंगला गौरीच्या देवळात जाऊन बसल्या. आता त्यांच्यासमोर काय होतं ते सरळच सांगतो. त्यांचं स्वतःचं हृदय अधू होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की जिना चढू नका, दगदग नको, कधी काय होईल सांगता येत नाही. म्हणजे पलीकडे जाऊन तिथंच काही झालं तर इतक्या वर्षांची कमाई एका नावेत बुडणार होती. भावाला शेवटचं पाहिलं नाही, ते कशासाठी? लग्नं सोडली, माहेर सोडलं, ते कशासाठी? अलीकडच्या काठावर डोळे मिटावेत म्हणूनच ना? काकूंना भीती वाटत होती, आणि भीती वाटते याची लाजही वाटत होती.

बसल्या बसल्या त्यांना शास्त्रीबुवांचे पायऱ्यांवरचे शब्द आठवले. अधिकार सोडा, सल्ला सोडा, रुसवे सोडा, पाय आवरा. भूगोलाच्या बाईंनी ते सगळं पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं. त्यात मैत्रीण सोडा असं कुठंही म्हटलेलं नव्हतं. जुन्या शहाण्या माणसांनी एवढं सगळं बारकाईनं सांगितलं, मग हेच सांगायला ती विसरली असतील का? विसरली नसणार. सोडायचंच नसेल ते.

घरी आल्यावर त्यांनी मुलाला सांगितलं, "मी वीणाकडे जातेय. राहायला."

मुलगा बँकेत अधिकारी, मार्ग काढणारा. म्हणाला, "आई, चौकापर्यंत पायी चल, तिथून गाडीनं पुलावरून नेतो. अंधार पडायच्या आत परत आणतो. कुणाला पता नाही लागणार."

"मला लागेल ना," काकू म्हणाल्या. "नेम काय लपून घेतला होता? मग लपून कशाला मोडू?"

देवश्रीनं सासूबाईंची औषधं, दोन लुगडी आणि साखरआंब्याची बरणी पिशवीत भरली, आणि घाटापर्यंत पिशवी स्वतः उचलली.

दुपारची वेळ होती. थंडीचं ऊन खात निम्मी गल्ली घाटावर बसलेली. काकू काठी टेकत, प्रत्येक पायरीवर थांबत उतरल्या. लल्लनला म्हणाल्या, "रामनगर चलना है." पत्ते खेळणाऱ्यांनी पत्ते मांडीवर उपडे ठेवले.

विश्वेश्वरशास्त्री उन्हात तेल लावत बसले होते, ते तसेच उठून आले. "वहिनी, हे काय ऐकतोय?"

"बरोबर ऐकताय."

"इतक्या वर्षांचा नेम आहे."

"ठाऊक आहे. पाळलाय मी तो, तुम्ही नाही."

शास्त्रीबुवांनी आवाज खाली आणला. "तुमची प्रकृती ही अशी. तिकडे तुम्हालाच काही झालं तर?"

"तर झालं," काकू म्हणाल्या, आणि लल्लनचा हात धरून नावेत बसल्या.

नाव मणिकर्णिकेवरून वर गेली. चिता जळत होत्या. काकू एरवी तिथं हात जोडत, कधीतरी आपल्यालाही इथंच यायचं आहे म्हणून. त्या दिवशी त्या नुसत्या बघत राहिल्या. एकेक घाट मागे पडला. मग लल्लननं नाव पलीकडे वळवली, आणि धार आली तसं त्याच्या हातानं सवयीनं इंजिन बंद केलं. इतक्या वर्षांची सवय ती. नाव पाण्यावर डुलत थांबली. डोक्यावर पांढरे पाणपक्षी ओरडत होते.

"माई," तो म्हणाला, "धार आ गई."

काकूंनी पाण्याकडे पाहिलं. अलीकडचं आणि पलीकडचं पाणी एकसारखंच मळकट हिरवं होतं.

"आ गई तो आ गई," त्या म्हणाल्या. "तुम चलो."

लल्लननं दोन्ही हात जोडले, त्यांना की गंगेला, ते त्याचं त्यालाच माहीत, आणि इंजिन सुरू केलं. हे लल्लनच आता गिऱ्हाइकांना सांगतो, आणि सांगताना त्याची छाती फुगते.

निमिषच्या घरी वीणाताई उशांना टेकून पडल्या होत्या, नाकाला नळी. दारात काकू दिसल्या तसे त्यांचे डोळे मोठे झाले.

"तू? तू कशी आलीस?"

"नावेत बसून. पोहत यायचं वय राहिलं नाही."

"आणि नेम?"

"मोडला."

"वेडी झालीस का गं?" वीणाताईंना खोकला आला. "माझ्यासाठी मोडलास?"

"छे! तुझ्यासाठी कशाला? तुझी सून पोहे बरे करते म्हणून ऐकलं होतं."

काकू खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी वीणाताईंचा हात हातात घेतला. हात गार होता आणि बोटं सुजली होती. याच बोटांनी तंबोरा लावलेला. मग वीणाताईंनी पुन्हा तेच विचारलं. "सांग ना, पमे. असतं का ते खरं?"

खोटं बोलणं सोपं होतं. काही नसतं गं, लोक उगाच बोलतात, असं कुणीही म्हटलं असतं, निमिष रोज म्हणतच होता. पण त्यावर नेम बांधलेली बाई कुठल्या तोंडानं तसं म्हणणार? आणि वीणाताईंनी ते ऐकून तरी घेतलं असतं का?

"मला माहीत नाही," काकू म्हणाल्या. "पण मी आता इथंच राहणार आहे. माझ्या छातीचा काही भरवसा नाही, कदाचित तुझ्या आधी माझाच नंबर लागेल. तेव्हा व्हायचंच असेल गाढव, तर जोडीनं होऊ. एकाच धोब्याकडे लागू. शब्द देते तुला."

वीणाताई टक लावून बघत राहिल्या. मग त्यांचं पोट हलायला लागलं. त्या हसत होत्या. यंत्राची नळी नाकातून सुटली, निमिष धावत आला, आणि त्या हसतच होत्या. "तिथंही..." त्या धापा टाकत म्हणाल्या, "तिथंही माझ्याच पाठीवर जास्त गठ्ठे टाकशील तू!"

"टाकेन. तुझी पाठ रुंद आहे."

त्या दिवसानंतर वीणाताईंनी तो प्रश्न कधी विचारला नाही. निमिषनं एकदा म्हटलं, रुग्णवाहिका बोलावू, जोखीम घेऊ, पण अलीकडे नेऊ. तर त्याच म्हणाल्या, "राहू दे रे. पमी आली ना." काकू त्यांच्या शेजारच्या खाटेवर झोपत, त्यांचे केस विंचरत, आणि कुठल्या सालात कुणी कुणाचा सागरगोटा चोरला यावर भांडत. त्या भांडणात दोघींनी मिळून पुन्हा एकदा सगळं आयुष्य जगून घेतलं. काकूंच्या छातीत दोनदा कळ आली. त्यांनी जिभेखाली गोळी ठेवली आणि कुणाला कळू दिलं नाही. आपण पलीकडे आहोत हे त्यांच्या मनात रोज यायचं. आलं की त्या खुर्ची आणखी जवळ ओढत.

वीणाताई एका दुपारी गेल्या. काकू मटार सोलत होत्या आणि वीणाताई त्यातले दाणे मागत होत्या, खायला नाही, नुसते तळहातावर धरायला. मूठ सैल झाली तसे दाणे चादरीवर घरंगळले. काकूंनी ते वेचले आणि मगच निमिषला हाक मारली.

मणिकर्णिकेला नेताना काकू त्याच नावेत बसल्या. बायका जात नाहीत, असं कुणीतरी पुटपुटलं. काकूंनी वळून एकदाच पाहिलं, आणि तो आवाज पुन्हा आला नाही. दुर्गाघाटची माणसं मणिकर्णिकेच्या पायऱ्यांवर येऊन थांबली होती. शास्त्रीबुवाही होते. नाव लागली तेव्हा त्यांनीच पुढे होऊन काकूंना हात दिला. गल्लीतल्या दोन तटांपैकी ते कुठल्या तटाचे, हे तेव्हापासून लोकांना नीटसं सांगता येत नाही.

तेरावा आटोपल्यावर शास्त्रीबुवा काकूंच्या घरी आले. देवश्रीनं पाट मांडला, चहा ठेवला. त्यांनी सगळा विचार करून ठेवला होता. प्रायश्चित्त अगदी साधं आहे, म्हणाले, पंचगंगेवर स्नान करायचं, थोडा जप, आणि पुन्हा संकल्प सोडायचा. नेम पहिल्यासारखा सुरू. गल्लीलाही तेच हवं आहे. "तुमच्यासारखी क्षेत्रस्थ आता काशीत राहिली नाही वहिनी. मी हे तोंडावर स्तुती म्हणून सांगत नाही. आम्हाला तुमचा अभिमान आहे."

काकूंचे डोळे भरून आले. शास्त्रीबुवा कुणाला असं म्हणत नसत. त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि नमस्कार केला.

"नको," त्या म्हणाल्या.

"का?"

"समजा, मी पुन्हा नेम घेतला आणि इथं अलीकडेच डोळे मिटले. मी सुटले. मग वीणाचं काय?"

शास्त्रीबुवांनी चहाचा पेला खाली ठेवला. "वहिनी, तो गाढवाचा प्रकार लोकांच्या बोलण्यातला आहे. तुम्ही शिकलेल्या आहात."

"नसेल खरा. पण असला तर? ती तिकडे धोब्याच्या दारात एकटी उभी राहील आणि माझी वाट बघेल. मी शब्द दिलाय तिला. पलीकडे जायला पाय मोकळे हवेत."

"आणि देवाला दिला होतात, तो?"

"देव समजून घेईल," प्रमोदिनीकाकू म्हणाल्या. "वीणा घ्यायची नाही."